उरलेल्या रंगांची भिंत

मी एक जुनी भिंत आहे. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका घरात, स्वयंपाकघरातल्या शेगडीच्या मागे मी उभी आहे. मित्रांनो, भिंत म्हटलं की तुम्हाला पन्हाळ्याची तटबंदी आठवणार, हे मला ठाऊक आहे. तिच्यापुढे फोटो काढायला लोक लांबून येतात. माझ्यापुढे येतात ते फक्त जेवण झालं का, हे विचारायला. तरी माझी गोष्ट ऐका. तिच्यात शेवटी माझी आणि आमच्या संयोगिताची चांगलीच सरशी होते, त्यामुळे ती सांगताना मला लाज वाटत नाही.

माझा जन्म नदीकाठच्या वीटभट्टीतला. हंबीररावांनी घर बांधायला काढलं, तेव्हा मी विटांच्या रूपात इथे आले. हंबीरराव म्हणजे या घरातले थोरले. तरुणपणी ते तालमीत घुमायचे आणि आजही त्यांची हाक गल्लीच्या टोकाला ऐकू जाते. गवंड्याने ओळंबा धरून मला सरळ उभं केलं, गिलावा चढवला, आणि पैलवानाची पाठ थोपटावी तशी हंबीररावांनी मला थाप दिली. त्या एका शाबासकीवर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

रंगाच्या बाबतीत मात्र माझं नशीब फुटकं होतं. या घराचा रिवाजच असा, की आधी पुढची खोली रंगवायची आणि डब्याच्या तळाशी जे राहील ते स्वयंपाकघराला फासायचं. पहिला निळसर चुना उरलेला. नंतरचा पिस्ता रंगही उरलेला, आणि तो पुरेना म्हणून त्यात पाणी ओतलेलं. एकदा तालमीच्या दाराला लावून राहिलेला तांबडा ऑइलपेंट हंबीररावांनी मोठ्या अभिमानाने आणला आणि मला दिला. त्यांची बायको अंबूबाई त्या तांबड्यासमोर उभी राहून भाकऱ्या थापायची. डोळ्यांवर येतंय, एवढंच ती एकदा म्हणाली. ते ऐकायला तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं. पुढे त्यांच्या मुलाने, अमरसिंहाने, लेथचं वर्कशॉप काढलं आणि तिथल्या यंत्रांचा करडा रंग माझ्या अंगावर आला. अंबूबाई त्या करड्यासमोर म्हातारी झाली आणि तशीच गेली.

संयोगिता ही अमरसिंहाची बायको. ती लग्न होऊन आली आणि अंबूबाईच्या जागी उभी राहिली. तिच्या तांबड्या रश्श्याची कीर्ती पाहुण्यारावळ्यांत कागलपर्यंत गेली होती. फोडणीत कांदा-लसूण चटणी पडली की उडणाऱ्या तेलाने मी नखशिखान्त न्हाऊन निघायची. पण रोज रात्रीची भांडी आवरली, की ती साबणाच्या कोमट पाण्याने मला पुसायची, कोपरेसुद्धा. पुसताना ती माझ्याशी बोलायची. तिच्या माहेरी परसात सोनचाफा आहे. त्याच्या पानांचा गडद हिरवा आणि फुलांचा पिवळा, असं स्वयंपाकघर तिला हवं होतं. हे तिने मला इतक्यांदा सांगितलं होतं, की मला ते पाठ झालं होतं.

यंदा अमरसिंहाने स्वयंपाकघर नवं करायचं मनावर घेतलं. ओटा, टाइल्स, रंग, सगळंच नवं होणार होतं. रविवारी टाइल्स बघायला जायचं ठरलं. अमरसिंह आणि हंबीरराव तर होतेच, शिवाय संयोगिताची नणंद प्रियदर्शनी मुद्दाम कागलहून आली. संयोगिता नवी साडी नेसून, चप्पल घालून दारात उभी होती. तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं, की परत आल्यावर सगळ्यांना जेवायला लागणार. मग तिला सांगण्यात आलं, की तू थांब, आम्ही मोबाईलवर फोटो पाठवतो. तिने चप्पल काढली आणि मटण शिजायला टाकलं. स्वयंपाकघराच्या टाइल्स निवडायला सगळे गेले आणि स्वयंपाक करणारी तेवढी मागे राहिली. मला इतका राग आला होता, की एखादा पोपडा सुटून रश्श्यात पडला असता.

फोटो आला तेव्हा तिचे हात पिठात होते. तिने ते धुऊन फोटो बघेपर्यंत मंडळी पसंती करून परत निघालीसुद्धा. पांढऱ्या, करड्या रेघांच्या, संगमरवरासारख्या टाइल्स. त्यांच्या वर क्रीम रंग, कारण हॉल रंगवून निम्मा डबा शिल्लक होता. संयोगिताने जेवण वाढता वाढता हिरव्याचं आणि पिवळ्याचं बोलून बघितलं. प्रियदर्शनी हसून म्हणाली, की तसलं केलं तर हॉटेल वाटेल. सगळे हसले आणि पुन्हा रस्सा मागू लागले.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. नव्या टाइल्स जुन्या गिलाव्यावर टिकतील का, हे पाहायला त्याने शेगडीच्या वर माझा एक तुकडा छिन्नीने खरवडला. मला लागलं, पण ओरडते कुठे? गवंडी चहा पिऊन गेला. खरवडलेल्या जागी माझे सगळे जुने रंग एकाखाली एक उघडे पडले होते. संयोगिता बराच वेळ त्या पट्ट्यांकडे बघत राहिली.

संध्याकाळी तिने रश्श्याला तेल तापत ठेवलं आणि अमरसिंहाला हाक मारली. जरा माझ्या जागेवर उभं राहा, म्हणाली. तो बिचारा हसतच आला. तिने फोडणीत चटणी टाकली. अमरसिंहाला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि तो मागे सरायला लागला.

"थांबा," ती म्हणाली. "मी रोज हितंच असते. समोर बघा."

त्याने डोळे पुसून माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्याने मला तिथून कधीच पाहिलं नव्हतं. तिने उलथन्याच्या टोकाने एकेक पट्टा दाखवला. हा तुमच्या मशीनचा, हा तालमीच्या दाराचा, हा हॉलचा, हा त्याआधीच्या पुढच्या सोप्याचा.

"ह्यात माझा कुठला हाय, तेवढं दाखवा."

ठसका ऐकून हंबीरराव दारात आले होते. ते पुढे झाले आणि त्यांनी तांबड्या पट्ट्यावर बोट ठेवलं. तालमीचं दार त्यांनी बरोबर ओळखलं होतं. मग त्यांचा तो गल्लीभर जाणारा आवाज अगदी खाली आला.

"तुझा न्हाय, पोरी. आन तुझ्या सासूचापण ह्यात एक न्हाय," ते म्हणाले. आणि अमरसिंहाकडे वळून त्यांनी निकाल दिला. "नवा डबा आधी हितं फोडायचा. उरला तर हॉलला लावू."

मित्रांनो, मी भिंत आहे म्हणून उभी राहिले, नाहीतर आनंदाने नाचले असते.

पुढच्या रविवारी संयोगिता स्वतः दुकानात गेली. अमरसिंह पिशवी धरायला सोबत होता. त्या पिशवीत एक छोटा डबा होता आणि डब्यात रश्श्यावरचा लालभडक कट. दुकानाचे मालक बाहुबली यांनी तिच्यापुढे एकेक टाइल मांडली आणि तिने प्रत्येकीवर चमचाभर कट ओतून ठेवला. चहा होईपर्यंत थांबली, मग फडक्याने पुसून बघितलं. गुळगुळीत चकचकीत टाइल एका हातात साफ झाली. खरखरीत टाइलीवर डाग तसाच बसला, आणि घरच्यांच्या पसंतीची ती संगमरवरासारखी टाइल हळद लागलेल्या नवरीसारखी पिवळी झाली.

"वहिनी, माझ्या दुकानात रस्सा पहिल्यांदाच आला बघा," बाहुबली म्हणाले. पण पुढच्या गिऱ्हाईकाला दाखवायला त्यांनी ती डागाळलेली टाइल तिथेच ठेवून घेतली, असं अमरसिंह घरी येऊन सगळ्यांना रंगवून सांगत होता. जणू ती युक्ती त्याचीच होती.

तिने गडद हिरव्या, चकचकीत टाइल्स घेतल्या आणि सांधे भरायलाही हिरवाच मसाला सांगितला. पिवळ्याची तिने घाई केली नाही. माझ्यावर वेगवेगळ्या पिवळ्यांचे पट्टे ओढून घेतले, ते सकाळच्या उन्हात बघितले, दिवे लागल्यावर बघितले. एक फार फिका निघाला, एक अगदी भंडाऱ्यासारखा भडक. सोनचाफ्याचा पट्टा दिसल्यावर ती नुसती हसली, आणि तोच ठरला. रंगाऱ्याने झाकण उघडलं तेव्हा डबा काठोकाठ भरलेला होता. माझ्या जन्मात मी भरलेला डबा पहिल्यांदा पाहिला. मला रंगाचे दोन हात मिळाले, तरीही रंग उरला, आणि तो हॉलच्या एका भिंतीला गेला. त्या भिंतीने नाक मुरडलं असेल तर असो.

काम संपल्यावर जेवणावळ झाली. हॉटेल वाटेल म्हणणाऱ्या प्रियदर्शनीने माझ्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला आणि तो कागलला पाठवला. शेजारच्या झुंबरबाई दारातच थबकल्या. हा रंग कुणी निवडला, असं त्यांनी विचारलं. अमरसिंहाने सवयीने घसा खाकरला, पण हंबीररावांनी हाताने त्याला थांबवलं. संयोगिता तव्यावरची भाकरी उलटत होती.

"मी," ती म्हणाली.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझी एखादी बहीण शेगडीमागे उभी असेल. तिच्यावरचे डाग वेळच्या वेळी पुसा, तिला ओल लागू देऊ नका. पण तिला रंग देण्याआधी, तिच्यासमोर जे माणूस रोज उभं राहतं, त्याला त्याची पसंती विचारा, आणि ते सांगेल तेव्हा मध्ये बोलू नका. अंबूबाईला कुठला रंग आवडायचा, हे या घरात कुणालाच सांगता येत नाही. तिच्यासमोर मी जन्मभर उभी होते, पण मलाही ते माहीत नाही. म्हणून सांगते, आजच विचारा.