ताईचा कणा

कणा हातात घेतला की आधी त्याचा हलकेपणाच जाणवायचा – फिकट पिवळं प्लास्टिक, थरावर थर चढवून छापलेलं, अंगभर बारीक रेघा, आणि मधूनच असं एका बाजूला कललेलं, जणू शेजारच्याचं बोलणं कान देऊन ऐकतंय... विद्यार्थी तो एकमेकांकडे देत होते, स्क्रू कुठून घालायचा ते बोटांनी चाचपत होते, आणि त्यांना शिकवणारी डॉक्टर खिडकीपाशी उभी राहून तिकडे पाहायचं टाळत होती.

तो तिच्या ताईचा कणा होता.

ताईच्या ऑपरेशनआधी स्कॅनवरून थ्री-डी प्रिंटरवर छापून घेतलेला. ऑपरेशन करणाऱ्या सरांनी आधी त्याच्यावर हात बसवला, मग ताईवर. सगळं नीट पार पडलं. तिथंच थांबायला हवं होतं. पण इतका सुरेख वाकलेला कणा शिकवायला मिळतो कुठं – सुरेख! हाच शब्द मनात आला होता तिच्या – आणि तिनं आणखी प्रती काढून घेतल्या. ताईला विचारायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे... विचारलं असतं तर ताई नाही म्हणाली असती. जन्मभर ढगळ कपडे घालणारी, फोटोत भिंतीला पाठ लावून उभी राहणारी, शिंप्यासमोर धाकटीला पुढे करून ‘हिचंच माप घ्या, थोडं सैल शिवा’ म्हणणारी ताई.

“मॅडम, आम्ही याला प्रश्नचिन्ह म्हणतो,” एक मुलगी म्हणाली. सगळे हसले. डॉक्टरही हसली – ओठ आपले आपणच हलले – आणि तेवढ्यात दार ढकलून ताई आत आली. तपासणीसाठी आली होती, बाहेर बसून कंटाळली असावी.

“चालू दे गं तुझं. मी बसते मागं.”

कुणीतरी अदबीनं कणा तिच्याही हातात दिला. ताईनं तो उलटसुलट करून पाहिला, जिथं सगळ्यात जास्त वळला होता तिथं अंगठा टेकवला.

“कुणाचा गं हा?”

“असाच... शिकवायला केलेला.”

“हं.” ताईचा अंगठा तिथंच होता. “फार दुखत असेल नाही बिचारीला?”

बिचारीला. हा बाईचा कणा आहे, असं कुणीच म्हणालं नव्हतं...

ताईनं तो पुढच्या मुलाकडे दिला आणि पदर सारखा करून शांतपणे फळ्याकडे पाहत राहिली. शिकवणं पुढे सुरू झालं. आपलाच आवाज तिला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटत होता. हिला कळायला नको, एवढंच इतके दिवस ती मनाशी घोकत आली होती. आता मात्र – कळलेलं असू दे, ताई... कळलेलं असू दे, आणि इथंच, या सगळ्यांसमोर, एकदा माझ्यावर ओरड.