लक्षवेधी

"ताई, दारापासून लांब हो. तुझी सावली आत येते."

ताई दारात नव्हतीच. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून दुपारच्या भाषणाची उजळणी करत होती, आणि आतल्या खोलीत सिस्टर तिच्या वडिलांचं अंग पुसत होत्या. पण सिस्टर आल्या की अण्णांना घरात जिथेतिथे लेकीची सावली दिसे. अर्धांगाच्या झटक्यात त्यांची डावी बाजू गेली होती, बोलणं मात्र जसंच्या तसं राहिलं होतं, आणि त्यातलं निम्मं अशा वेळी ताईला लांब ठेवण्यात खर्च होई.

अण्णा पुरुषांचे कपडे शिवत. अर्ध्या शहराच्या कमरा त्यांच्या टेपखालून गेल्या, पण कुणाच्या कमरेचा आकडा त्यांनी कधी मोठ्यानं उच्चारला नाही. गिऱ्हाइकाला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं, "हात जरा वर" म्हणायचं, आणि माप मनात ठेवायचं. पोट सुटलेल्या माणसाला ते म्हणत, "हल्ली कापडच आटतं हो." अशा माणसाला स्वतःचं अंग लेकीपुढं उघडं टाकणं जमणार नव्हतं. ताईनं सुरुवातीला एकदा हट्टानं टॉवेल भिजवून नेला, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले ते संध्याकाळपर्यंत उघडले नाहीत. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

सिस्टर बाहेर आल्या. कोपरापर्यंत ओल्या, कपाळावर घाम. सरकारी दवाखान्यातून त्या आठवड्यातून दोनदा घरी येत, अशाच आणखी कितीतरी घरी जात.

"आजोबा झाले हो ताजेतवाने," त्या म्हणाल्या. "पण ताई, तो नवा नियम पक्का झाला तर मला यायला मिळणार नाही. बघा, तुमच्या हातात आहे."

"माझ्या हातात फक्त माइक असतो सिस्टर. तोही सरकारवालेच बंद करतात."

नियम साधा होता. ज्या घरात सज्ञान स्त्री आहे, त्या घरी यापुढे सिस्टर येणार नाही. घरची बाई आहे की करायला. सरकारनं हे कुठल्याशा आदेशाच्या पोटात घालून ठेवलं होतं आणि ताईनं ते हुडकून काढलं होतं. आज दुपारी त्यावर तिची लक्षवेधी लागली होती.

लक्षवेधी म्हणजे मंत्र्याचं लक्ष वेधून घ्यायची सूचना. ताईनं इतक्या वर्षांत इतक्या दिल्या की सभागृहाच्या उपाहारगृहात तिला लक्षवेधीताईच म्हणत. विधवांचं मानधन, दवाखान्यातली औषधं, बंद पडलेल्या पाळणाघरांची कुलपं. मंत्री उठत, 'माहिती मागवण्यात आली आहे' म्हणत, आणि बसत. पूर्वी बाक वाजवायला शेजारी चार माणसं असत. ती एकेक करून पलीकडे गेली, जाताना "ताई, मनात काही ठेवू नका" म्हणत गेली. आता आख्ख्या बाकावर ती आणि तिची पर्स. लग्न राहून गेलं होतं, जशी काही कामं राहून जातात. धाकटा भाऊ परदेशी होता आणि सणासुदीला फोनवर अण्णांशी हवापाण्याचं बोले. 'ताई' हे नाव त्यानंच लावलेलं. पुढं ते सगळ्या मतदारसंघानं उचललं, आणि अण्णांनीसुद्धा.

मत मात्र अण्णांचं आयुष्यभर सरकार पक्षाला. लेक उभी राहिली तेव्हाही. "तुला दिलं असतं तर लोक म्हणाले असते, बापानं लाडानं दिलं," असं त्यांनी निकालाच्या दिवशी पेढा खाताना सांगितलं होतं.

ती आत गेली. अण्णांचे केस विंचरलेले, मानेवर पावडर.

"अण्णा, आज बोलणार आहे मी सिस्टरांच्या नियमावर. तुमचं सांगू? नाव नाही घेत. नुसतं, की असा एक माणूस आहे, त्याला लेकीच्या हातून नको वाटतं. तेवढं सांगितलं तर त्यांना कळेल."

अण्णांनी नजर छताकडे वळवली.

"तुला बाप एकच आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नाव न घेऊन कुठं जाशील?" मग हळू म्हणाले, "मला तिथं धुवायला काढू नकोस, ताई."

"नाही काढणार."

"शब्द?"

"शब्द."

सभागृहात तिची पाळी आली तेव्हा जेवणं होऊन माणसं सुस्तावली होती. अध्यक्षांनी चष्मा पुसत नाव पुकारलं. ती उभी राहिली आणि बरी बोलली. घरातली बाई म्हणजे सरकारी सेवा नव्हे, असं म्हणाली. ती बाई ऐंशीची असू शकते, ती दिवसभर दुसऱ्याच्या घरी राबत असू शकते, तिचीच पाठ मोडलेली असू शकते. तिसऱ्या रांगेतल्या एका सदस्यानं वर्तमानपत्र खाली घेतलं. आता खरा मुद्दा होता. आजारी माणसालाही काही म्हणायचं असतं, असं वाक्य तिच्या जिभेवर आलं, आणि त्याच्या पुढचं वाक्य थेट अण्णांच्या खोलीत जात होतं, म्हणून ते तिनं गिळलं आणि पाणी प्यायली.

मंत्री उठले. हसतमुख माणूस, आवाजही गोड.

"ताईंच्या तळमळीचा मी आदर करतो. त्यांच्या वडिलांनी शिवलेला कोट घालून मी पहिल्यांदा या सभागृहात आलो. ते अंथरुणाला खिळलेत, हे ऐकून वाईट वाटतं. तर मी ताईंना एकच विचारतो. घरच्या माणसाची सेवा घरची स्त्री मायेनं करते, ती माया आमच्या पगारी नोकराला कुठून येणार? ताई, आपण स्वतः आपल्या वडिलांना कधी अंघोळ घातलीत? हो की नाही, एवढंच सांगा."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच सगळ्या सभागृहाचं लक्ष ताईकडे वेधलं गेलं होतं. वर्तमानपत्रं खाली आली. अध्यक्षांचा चष्मा डोळ्यांवर गेला. उत्तर तिच्याकडे होतं, दोन वाक्यांचं, आणि ते दिलं असतं तर मंत्र्यांना बसायला खुर्ची सापडली नसती. तिनं माइक जवळ ओढला.

"नाही," ती म्हणाली.

आधी कुणीतरी खुसखुसलं, मग सगळी उजवी बाजू हसली. "मग ताई, सुट्टी घ्या की थोडी," असं मागून कुणी म्हणालं, त्यावर पुन्हा हशा. अध्यक्षही ओठ दाबून पुढच्या विषयाकडे वळले. ताई बसली. पर्स बाकावरून खाली घसरली होती ती उचलून तिनं शेजारी नीट ठेवली, जणू तिलाही लागलं असेल.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा शेजारच्या वहिनी अण्णांजवळ बसल्या होत्या. तिला बघून त्या गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणत लगबगीनं गेल्या. टीव्ही चालू होता, आवाज बंद. पडद्यावर मंत्री हसत होते, मग ताई, मग तिचा तो एक शब्द, मग पुन्हा मंत्री. तिनं टीव्ही बंद केला.

"काखेत ओढतो त्याचा कोट," अण्णा म्हणाले. "हल्ली कुणाकडून शिवतो कोण जाणे."

ताईनं त्यांची चादर सारखी केली.

"त्यानं कोटाचं काढायला नको होतं," थोड्या वेळानं ते म्हणाले. "माझं गिऱ्हाईक होता तो. मी त्याचं माप कधी कुणाला सांगितलं नाही."

"जाऊ दे, अण्णा."

"तू बोलली नाहीस."

"शब्द दिला होता."

ताईनं चहा करून आणला. तो अण्णांनी शेवटपर्यंत प्यायला, गार झालाय अशी तक्रार न करता.

महिना संपला आणि सिस्टर यायच्या थांबल्या. शेवटच्या दिवशी त्या आपला निळा एप्रन ताईकडे विसरून गेल्या, की ठेवून गेल्या, ते ताईनं विचारलं नाही. तिनं खाजगी माणूस शोधला. एक आला, त्यानं अण्णांना पोत्यासारखं उलटं केलं, आणि अण्णांनी त्याला उजव्या हातानं दाराकडे बोट दाखवलं. दुसरा आलाच नाही. सिस्टर यायच्या ते वार आले आणि गेले. खोलीत वास यायला लागला तसे अण्णा कमी बोलू लागले. ताईनं खिडकी उघडली की ते म्हणत, "बंद कर, वारा लागतो," आणि ती बंद करी, कारण कशासाठी उघडली हे दोघांनाही ठाऊक होतं.

सिस्टरांच्या अशाच एका वाराला, उन्हं कलताना, अण्णांनी हाक मारली.

"सिस्टर आल्या का?"

ताई दारात आली. "अण्णा, त्या आता..."

"मी विचारतोय, सिस्टर आल्या का." ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. "आल्या असतील तर त्यांना आत पाठव. आणि तू लांब हो. सावली येते."

ताई दारातून मागे सरली. मग स्वयंपाकघरात गेली. पाणी तापवलं, मनगटावर थेंब टाकून बघितलं. बांगड्या काढून ओट्यावर ठेवल्या. निळा एप्रन अंगावर चढवला. तो तिला घट्ट होत होता, कापड आटलं असणार. बादली आणि टॉवेल घेऊन ती आली आणि सिस्टर टकटक करत तशी उघड्या दारावर तिनं टकटक केली.

"येऊ का, आजोबा?"

"या, सिस्टर." अण्णांनी मान वळवली नाही. "आमची ताई घरात नाही ना?"

"नाही, आजोबा. त्या सभागृहात गेल्यात."

"तिला उशीरच होतो. बोलते बरी ती. ऐकायला कुणी नसतं."

ताईनं दार लावून घेतलं. टॉवेल पाण्यात बुडवला, पिळला. भिंतीकडे बघणारी ती पाठ तिनं कधी उघडी पाहिली नव्हती. ती आपल्या पाठीसारखीच आहे, मधोमध तसाच तीळ आहे, हे तिला आज कळलं.

"हात जरा वर, आजोबा," ती म्हणाली.

आणि अण्णांनी चांगला हात वर केला.