शिसाची भाकर

लोटन पाटलाने लिलावात ती होडी बैलाचे दात बघावेत तशी बघितली, आणि मनातल्या मनात फोडून मोकळा झाला. सागाच्या फळ्यांची दोन दारं आणि एक पाळणा. पितळेच्या कड्या वितळवल्या की दोन घागरी. डोलकाठी मारुतीच्या झेंड्याला. त्याचं पुण्य वेगळं. शीड कापसाच्या गंजीवर.

सन सव्वीसचा फाल्गुन होता. रेल्वेतला एक गोरा इंजिनेर विलायतेला परत निघाला होता आणि त्याचं सामान नंदुरबारला विकायला काढलं होतं. होडी त्याच्या सासऱ्याची. चाळीस वर्षांपूर्वी मुंबईच्या समुद्रात शर्यती जिंकलेली, असं लिलाववाला घसा फोडून सांगत होता. समुद्र तिथून लांब असल्यामुळे भाव चढला नाही. दोन गाड्या एकापुढे एक जोडून पाटलाने ती तापीकाठच्या निंबोणी गावाला आणली आणि गफूर मिस्त्रीला करवत घेऊन बोलावलं.

गफूर गाड्या, तिफणी, पाळणे करणारा. तोंडाने फटकळ. त्याने होडीला दोन फेऱ्या मारल्या, कुशीवरून हात फिरवला आणि करवत तिथेच खाली ठेवली.

"पाटील, हाई लाकूडवर मन्ही करवत नही चालस."

"का रे? धार नही का?"

"धार शे. लाज बी शे."

एवढ्याने पाटील बधला नसता. पण त्याच आठवड्यात बाजारात त्याचे व्याही हिंमतराव भेटले. हिंमतराव पलीकडच्या काठावरच्या पिंपऱ्याचे. दोन गावांमधल्या डोहावर नाव होती ती एकट्या त्यांची, आणि पाटलाची कमल त्यांच्या घरात दिलेली. निंबोणीच्या बऱ्याच लेकी पिंपऱ्यातच दिलेल्या होत्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी यायची, झोका घ्यायची, गौराईची गाणी म्हणायची. पण हिंमतरावांची नाव सणाच्या दिवशी सांजेलाच सुटायची. गंमत अशी की कुरडया, पापड, शेवया ही वर्षाची सगळी बेगमी आखाजीच्या आधीच करायची असते. सुना माहेरी गेल्यावर गव्हाचा चीक कोण हाटणार? नाव उशिरा सुटायचं कारण हे असं चुलीवर होतं, आणि ते दोन्ही काठांना ठाऊक होतं.

"याही, व्हडी उनी म्हणे घरमा," हिंमतराव चारचौघांत म्हणाले. "काय भरतस तिन्हामा? भुईमूग?"

लोक हसले. पाटलाचे कान तापले. "शर्यतनी व्हडी शे ती. तुम्हना डोंगाले मागे टाकी."

"मंग टाका! तुम्हनी व्हडी मन्ही नावना पहिले मन्हा घाटले लागनी, तर निंबोणीन्या सम्द्या आंडेरी-लेकी आखाजीना आठ दिन पहिले धाडसू. नही लागनी तर आखाजीनी सांज शेच."

ही बातमी पाटलाच्या आधी घरी पोचली. त्याची बायको जसोदाबाई दारातच उभी होती. "करवत कोठे शे?" तिने विचारलं, आणि ती गफूरला परत पाठवून दिली.

मग होडीचं बाळंतपण सुरू झालं. उन्हाने फळ्यांमध्ये बोट जाईल अशा भेगा पडल्या होत्या. गफूरने आधी ती उथळ पाण्यात दगड ठेवून बुडवली, गाडीचं सैल चाक नदीत फुगवतात तशी. लाकूड पाणी प्यायलं, भेगा मिटत आल्या. उरलेल्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकला आणि वरून राळ ओतली. पितळेच्या कड्या बायकांनी चिंच लावून अशा घासल्या की लोटन पाटलाला घागरींची आठवण येऊन हळहळ वाटली.

तळफळ्या उचलल्यावर खाली शिसाच्या विटा निघाल्या, ओळीने मांडलेल्या. पाटील खूश. "साहेब लोक खुळे रे! शर्यतना छकडामा कोणी ओझं भरस का?" बैलगाडीची शर्यत त्याने आयुष्यभर पाहिली होती, हलका छकडा पुढे जातो, हे त्याला शिकवायला नको. गफूरलाही पटलं. विटा विकल्या, त्यातून राळ आणि दोर आले, आणि होडीने स्वतःचा खर्च स्वतः दिला असं पाटील जो भेटेल त्याला सांगू लागला.

चैत्रात होडी पाण्यात गेली. अख्खं गाव काठावर. पाटील पुढे फेटा बांधून, सुकाणूवर बाज्या, डोहात मासे धरणारा. शीड चढलं, पश्चिमेचा वारा भरला, आणि होडी झोप लागल्यासारखी कुशीवर निजली. पाटलाचा फेटा पिंपऱ्याच्या दिशेने वाहत गेला. तिकडून टाळ्या ऐकू आल्या.

ओलाचिंब पाटील काठावर आला तेव्हा जसोदाबाई म्हणाली, "रिकामी घागर पाणीमा आडवी पडस. जरासं पाणी पोटमा गयं का उभी ऱ्हास. तिन्हा पोटमातलं काय इकं तुम्ही?"

शिसं तर केव्हाच बाजारातून पुढे गेलं होतं. नदीतले गोटे भरून बघितले. ते होडी कलली की गडगडत एका बाजूला जात आणि तिला आणखी पाडत. सपाट, जड, जागच्या जागी बसणारं काहीतरी हवं होतं.

जसोदाबाई घरी गेली आणि जात्याची खालची तळी डोक्यावर घेऊन आली. तिच्यामागे शेजारीण. ज्यांच्या लेकी पलीकडे होत्या त्या आल्याच. ज्यांना लेकच नव्हती त्याही आल्या. जाती तळात एकमेकांना खेटून अशी बसली की जणू शिसाची जागा त्यांच्यासाठीच राखलेली होती. होडी सावरून उभी राहिली.

सरावाचे सगळे दिवस जाती पाण्यावर आणि गाव घुगऱ्यांवर. चौथ्या दिवशी पाटील कुरकुरला, "कमलनी माय, भाकर कव्हय?"

"शिसानी भाकर खा."

पाटलाने घुगऱ्या खाल्ल्या.

चैत्री पुनवेला दुपारच्या वाऱ्यात दोन्ही नावा डोहाच्या खालच्या टोकापासून सुटल्या. हिंमतरावांचे वल्हेकरी तगडे. अर्ध्या वाटेपर्यंत तेच पुढे होते. मग वारा वाढला. होडी कलली, आणि ती तशीच कललेली, पाणी चिरत, वल्ह्यांना मागे टाकून गेली. बाज्या सुकाणूवर दात ओठ खात होता. लोटन पाटील डोलकाठी धरून उभा होता आणि या वेळी फेटा डोक्यावर होता. चाळीस वर्षं वखारीत कुजणारं ते लाकूड पिंपऱ्याच्या घाटाला लागलं तेव्हा वल्ही अजून चार शेतं मागे होती. घाटावर सगळ्यांत मोठ्याने ओरडली ती कमल, सासूच्या शेजारी उभी राहून.

हिंमतराव शब्दाचे पक्के. बरोबर आठ दिवस आधी लेकी निघाल्या, आणि त्यांनी हट्टाने हिंमतरावांची नाव सोडून होडीच पकडली. मांडीखाली आईचं जातं, वर शीड, तोंडात गाणी. निंबोणीच्या काठावर लोटन पाटील एकेकीला हात देऊन उतरवत होता, जणू त्याने होडी पहिल्यापासून याचसाठी घेतली होती. कोणी त्याला दारांची आणि पाळण्याची आठवण करून दिली नाही.

आता खर्चाचं. शिसाचे पैसे दोर-राळेत गेले, गफूरने मजुरी म्हणून डोहावरची पहिली फेरी मागितली, निंबोणीच्या बायकांनी पीठ सोसलं. मोठी रक्कम मात्र पलीकडे पडली. पिंपऱ्यात घरोघरी कुरडयांचे गहू भिजलेले, आणि सुना झोक्यावर. हिंमतरावांच्या बायकोने, मंगलाबाईने, सोऱ्या हातात घेतला, आणि चुलीपुढे लाकडी दांडा धरून, घाम पुसत, चीक हाटला तो हिंमतरावांनी.