वाढत जाणारं उत्तर

फळ्यावरचा वक्र भिंतीच्या रेघेपलीकडे बोटभर गेला होता. तिथे तो शून्याला टेकत आला होता, टेकला मात्र नव्हता.

"कण ऊर्जेच्या या विहिरीत अडकलाय," चंदना भौतिकशास्त्राच्या वर्गाला म्हणाली. "भिंत ओलांडण्याइतकी ऊर्जा त्याच्याकडे नाही. तरी समीकरण सोडवलं की भिंतीपलीकडे दोन उत्तरं निघतात. एक विरत जातं, एक वाढत. वाढणारं खोडायचं."

"का म्हणून खोडायचं, मॅडम?" मागच्या बाकावरून शाहिस्ता ओरडली. "गणितात बसतंय की!"

"ठेवलं तर सगळा कण बाहेरच जाईल. विहिरीत काही उरणार न्हाय."

मॅडमच्या तोंडून 'न्हाय' ऐकून वर्ग हसला. चंदनाला मात्र घरची बंद खोली आठवली.

तिचा भाऊ वृषभ न्यूमोनियाने जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याच्या बंद खोलीतून आईला त्याचा खोकला ऐकू यायचा. चंदनालाही यायचा, पण तिने ते कधी सांगितलं नव्हतं. आधी तो क्वचित यायचा, आता रोज. वृषभ उठला आणि घरात कुणी नसलं तर, म्हणून आईने बस्तीत जिनदेवाच्या दर्शनाला जाणंही सोडलं होतं.

ती घरी आली तेव्हा आई त्या दाराशी बसली होती. "हळू गं. आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

आतून खोकला आला, अगदी स्पष्ट.

चंदना आईजवळ खाली बसली. "मलाही ऐकू येतो, आई. पण वृषभ गेला. ही खोली आज आपण उघडायची."