खण क्रमांक एकवीस

अखेर चौकटीच्या खांबाला पिवळा रंग लागला आणि पेन्सिलीची खूण गेली. पण असं काही घडलंच नाही, असं धरून आपण पुढं जाऊ. गोरक्षकाकाही तसंच धरून चालले आहेत, आणि त्यांच्या वयाच्या माणसाला मोडता घालणं बरं दिसत नाही.

काका नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात तीस वर्षं पॅकिंगची खोकी ठोकत होते. खोक्यांतली यंत्रं देशोदेशी गेली. काका सिडकोतच राहिले. निवृत्त झाल्यावर गल्लीतल्या बालवाडीच्या अंजलीताईंनी दप्तरं ठेवायला कपाट मागितलं. काकांनी भंगारातल्या फळ्या आणि दिंडोरीकडून आलेल्या द्राक्षांच्या रिकाम्या पेट्या जमवल्या. उभ्या आधाराला घरच्या दाराची जुनी चौकट होतीच. घराला नुकतीच ग्रॅनाइटची बसली होती. जुन्या चौकटीच्या सागवानी खांबावर लेकीची, वैष्णवीची उंची दर वाढदिवसाला मांडलेली. कपाटापुरता खालचा साडेतीन फूट तुकडा काकांनी कापून घेतला. वरचा, म्हणजे पाच वर्षांपासून नोकरी लागेपर्यंतची वैष्णवी, बायडाबाईंनी बंबात घातला.

"लय चांगला पेटला," त्यांनी नवऱ्याला कळवलं.

सगळ्यात वरची फळी काकांनी बरोबर 'वय ४' या खुणेला बसवली. तीन ओळी, प्रत्येकीत सात खण.

"एकवीस झाले, काका," अंजलीताई म्हणाल्या. "पटावर वीसच आहेत."

"असू द्या. एखादं यायचं राहिलं असेल."

मुलांना अजून वाचता येत नव्हतं, म्हणून खणांवर चित्रं आली : मोर, वांगं, एसटी. एकविसाव्यावर भेंडी. वैष्णवी भेंडीशिवाय जेवत नसे.

"रंग सगळीकडं मारतो," काका म्हणाले. "हा खांब तेवढा राहू दे."

ताईंनी खूण पाहिली. "राहू द्या की."

घरी मात्र बायडाबाईंनी धरलंच. "तिला फोन लावा ना. खांबाशी काय बोलत बसता?"

"ती मीटिंगमध्ये असते."

"अन् खांब मोकळा असतो का?"

गुरुवारी मुलं आली. स्नेहा नावाची चार वर्षांची पोर, कुणी सांगितलेलं नसताना, खांबाला पाठ लावून ताठ उभी राहिली.

"आजोबा, मी केवढी?"

काकांनी तिच्या डोक्यावर तळहात आडवा धरला. खुणेला दोन बोटं कमी.

"पुष्कळ मोठी."

ती खूश होऊन खांबावर हात घासत पळाली आणि तळहातात सागाची सल घुसली. काकांनी सुईनं सल काढली. स्नेहा रडली नाही. नाक काकाच पुसत होते. लाकडाचा भुसा फार उडतो, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी पॉलिश पेपर उचलला.

"अहो, खांब तसाच ठेवायचा होता ना?" अंजलीताई म्हणाल्या.

"पोरं हात लावतात."

रंगाचे दोन हात झाले. खूण अर्थातच जागच्या जागी आहे. आपलं तसं ठरलंय.

एकविसाव्या खणाच्या फळीखाली, जिथं ब्रश पोचत नाही आणि बालवाडी तपासायला येणाऱ्या पर्यवेक्षिका वाकत नाहीत, तिथं सुतारी पेन्सिलीनं लिहिलेलं आहे :

'प्रति, माननीय पर्यवेक्षिका. विषय : खण क्रमांक एकवीस. वैष्णवी गोरक्ष, वय वर्षे चार, सध्या बंगळूर येथे नोकरीस, हिला वाढवण्यात आमच्याकडून घाई झाली. तरी सदर वाढ रद्द करून तिला चालू वर्षी पुनःप्रवेश देण्यात यावा, ही नम्र विनंती. डबा आम्ही पोचता करू.'