नऊ तुकडे राहिले होते

मी एक जुनी हिरवी पट्टी आहे. मित्रांनो, संगणकावर लांबलचक काम चालू असताना जी डावीकडून उजवीकडे हळूहळू भरत जाते ना, तीच मी. माझे घर अर्जुनी मोरगावात, बसस्टँडजवळच्या लीलाधरच्या दुकानात आहे. बिघडलेल्या डिस्कमधून हरवलेले फोटो आणि गाणी बाहेर काढणारा एक प्रोग्राम त्याने स्वतः लिहिला. त्यातच माझा जन्म झाला.

सुरुवातीचे दिवस फार सुखाचे होते. प्रोग्राम डिस्कचा एकेक तुकडा वाचायचा, मग क्षणभर थांबून मला थोडेसे पुढे रंगवायचा. लोक बाकावर बसून माझ्याकडेच बघायचे. "चालली, चालली," म्हणायचे. मी अर्ध्यावर आले की कोणीतरी चहा मागवायचे. काम सगळे प्रोग्रामचे आणि कौतुक माझे! मला त्याचा थोडा ताठाही चढला होता, खोटे कशाला सांगू?

तो ताठा उतरवला विक्की फोटोग्राफरने. लग्नाच्या फोटोंची डिस्क घेऊन तो आला होता. "लीलाधरभाऊ, काऊन एवढा टाइम लागून राहिला? पोरीवाले ओरडून राहिले ना!"

लीलाधरने शोधले, तेव्हा मला सारखे रंगवण्यातच बराच वेळ जातो असे त्याच्या लक्षात आले. दर तुकड्याला न रंगवता दहा तुकड्यांनी एकदा रंगवले असते तरी भागले असते. पण त्याने रंगवण्याची ती ओळच पुसून टाकली. आता प्रोग्राम मान खाली घालून काम करायचा आणि सगळे संपल्यावरच मला एकदम पूर्ण भरायचा. मधल्या वेळात खिडकी पांढरी पडायची आणि 'प्रतिसाद देत नाही' अशी पाटी वर यायची. लीलाधरला ते ठाऊक होते, म्हणून तो निवांत असायचा. दुसऱ्या कोणाला त्याने ते कधी सांगितले नाही.

मग एका सकाळी पार्वताबाई आल्या. पदरात गुंडाळलेली डिस्क त्यांनी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली. त्यांचे पती केवळराम भजनमंडळात खंजरीवर गाणी म्हणायचे, आणि गाणी त्यांची स्वतःचीच असायची. त्यांना लिहिता येत नव्हते, त्यामुळे कागदावर काहीच नव्हते आणि दुसऱ्या कोणाला ती पाठही नव्हती. एकदा मंडळाने विहारात बसून त्यांची सगळी गाणी भरून घेतली होती. केवळराम दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची गाणी आणि त्यांचा आवाज आता फक्त त्या डिस्कमध्ये होता.

लीलाधरने डिस्क कानाशी धरली. "मावशी, हे एकडावच फिरन. दुसऱ्या डावाले भरोसा नाई. पण निघन सारं."

डिस्कमधल्या माहितीचे शंभर तुकडे पाडून त्याने काम सुरू केले. सगळे जुळल्यावरच गाणी एकदम नव्या डिस्कवर लिहायची, असा प्रोग्रामचा नेम होता. मग बायकोला, दुर्गेश्वरीला, "हात लावू नको," एवढेच सांगून तो गोंदियाची गाडी पकडायला गेला.

तासाभरात खिडकी पांढरी पडली. मी त्या पांढऱ्यामागे होते, मित्रांनो! दहा तुकडे झाले, तीस झाले, साठ झाले. मोजणी माझ्यापर्यंत पोचत होती, पण मला रंगवायला कोणी नव्हते. जेवणवेळ टळून गेली, तरी पार्वताबाई बाकावरून उठल्या नाहीत.

"का झालं वो बाई?" त्यांनी विचारले.

"काही हालून नाई राहिलं, मावशी. हँग झालं वाटते." दुर्गेश्वरीने तीनदा फोन लावला. गाडी जंगलातून जात असावी, फोन लागलाच नाही. आमच्याकडे संगणक अडला की एकच औषध असते, बटण दाबून धरायचे आणि पुन्हा चालू करायचे. तरी तिने हात आखडला. "हे म्हणून गेले, हात नको लावू."

पार्वताबाई उठून जवळ आल्या. केवळरामांची आठवण काढून त्या म्हणाल्या, "माहे बुढे बी असेच उगेमुगे पडून होते वो. मले वाटलं, निजले असन. दुपारवरी वाट पाहत राहिली मी. डॉक्टर म्हणे, लवकर कायले नाई आणलं? आता मी वाट नाई पाहत. बंद कर अन् मंग चालू कर."

त्या वेळी एक्क्याण्णव तुकडे झाले होते. मी जिवाच्या आकांताने ओरडत होते. पण पट्टीला तोंड नसते, तिचे हलणे हेच तिचे बोलणे. दुर्गेश्वरीने बटण दाबले.

डिस्क पुन्हा फिरलीच नाही, आणि नव्या डिस्कवर अजून न लिहिलेले ते एक्क्याण्णव तुकडेही संगणक बंद होताच पुसले गेले.

संध्याकाळी लीलाधर परतला. संगणक किती वेळ चालला होता ते त्याने विचारले, मनात हिशेब केला आणि त्याचा चेहरा उतरला. तो काही सांगणार, तोच पार्वताबाई रडणाऱ्या दुर्गेश्वरीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "नको रडू वो बाई. तुही चूक नाई. ते आधीच मेलं होतं. या डावाले आपण वाट तं नाई पाहली."

लीलाधर तोंडातले शब्द गिळून बसला. मेलेली डिस्क पदरात गुंडाळून पार्वताबाई शेवटच्या बसने गावी गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने ती ओळ परत लिहिली. आता मी पुन्हा हलते. लोक पुन्हा "चालली, चालली," म्हणतात. मला त्याचा आनंद होत नाही. केवळरामांचे एकही गाणे आता कोणाला येत नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन प्रोग्राम लिहाल किंवा दुसरे काही कराल. काम कितीही घाईचे असो, बाकावर जो वाट बघत बसला आहे त्याला मधूनमधून एवढे तरी कळवा की काम चालू आहे. त्यापायी थोडा वेळ जास्त लागला तर लागू द्या. ते नऊ तुकडे राहिले होते, हे पार्वताबाईंना मात्र कधी सांगू नका.