पाचाचं बटण

मी खराडीच्या एका आयटी कंपनीतून काढलेला कॉम्प्युटर बोलतोय. तीन वर्षांत मला म्हातारा ठरवलं. दहावीला एकदा उडालेल्या पोरांना जसं बिनकामाचं ठरवतात, तसंच.

२००७ साली मला विश्रांतवाडीतल्या एका शाळेला दान दिलं. हार, नारळ, फोटो. फोटोत कंपनीचे साहेब आणि मुख्याध्यापक रंगनाथ सर. पोरं नाहीत. मग खोलीला कुलूप आणि दारावर पाटी : 'हात लावू नये. पाहून झाल्यास वर्गात जावे.' वर्षातून एकदा, दसऱ्याला, माझी आठवण व्हायची. हळद, कुंकू, वरून मूठभर अक्षता, थेट कीबोर्डवर. जे वापरायचं त्याची पूजा केली की मोठी माणसं सुटली!

दोन वर्षांनी हेमाताई आल्या. शाळा अर्धवट सुटलेल्या मुलांचा दुपारचा वर्ग घ्यायच्या. त्यांच्याकडे गणिताच्या सरावाची सीडी होती. सर म्हणाले, "अहो, नापासांना कशाला कॉम्प्युटर? बिघडवला तर जबाबदार कोण?"

ताईंच्या मागे प्रियदर्शनी उभी होती. दहावीच्या गणितात दोनदा नापास झालेली. मार्चमध्ये शेवटची संधी, नाहीतर मामाने स्थळ बघूनच ठेवलं होतं.

"सर, हा बिघडला तर दुरुस्तीवाला येईल," ती म्हणाली. "आम्ही बिघडलो म्हणालात, तेव्हा कोण आलं?"

सरांनी किल्ली हातात दिली नाही, टेबलावर आपटली.

ती रोज यायला लागली. मी गणित द्यायचो, ती चुकायची, मी पुन्हा द्यायचो. मी उसासा टाकत नाही. 'एवढंही येत नाही?' असं विचारत नाही. तेवढ्यावर ती वर्गसमीकरणापर्यंत पोहोचली.

एका दुपारी उत्तर होतं पंधरा. बटणांकडे बघत तिने दाबलं. मी म्हणालो, 'चूक'. पुन्हा दाबलं. 'चूक'. तिने वहीचं पान टराटरा फाडलं. जन्मभर तेच ऐकलेलं, लगेच पटलं तिला.

पण ती उठली नाही. नव्या पानावर पुन्हा मांडलं. पंधराच. या वेळी एकेक बटण दाबून स्क्रीनकडे बघितलं. एक उमटला, पाच उमटलाच नाही.

"ताई, मी नाही चुकले. हाच चुकतोय!"

केसातली पिन काढून तिने पाचाचं बटण उचकटलं. खाली कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा, कुठल्यातरी दसऱ्याचा, सरकत सरकत आज पाचाखाली अडकलेला.

"सरांचा प्रसाद," हेमाताई म्हणाल्या.

मला लाज वाटली. इतकी वर्षं मोठ्यांना नावं ठेवली, आणि मीही खात्री न करता पोरीला चूक म्हणालो.

आज पेपरला नऊ दिवस उरलेत. माझा पंखा घरघरतो, स्क्रीन मध्येच काळी पडते. तरी मी बंद पडणार नाही. पेपर झाला की मला खुशाल भंगारात घाला, हारही नको. आत्ता तिचं गणित चालू आहे. दारात उभं राहून बघणाऱ्यांनी बाजूला व्हावं, उजेड अडतोय.